यंत्रनिर्मिती उद्योग आणि एकात्मिक संगणकप्रणाली

(लखनौ येथील मराठी अभियांत्रिकी व व्यवस्थापन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



उद्योगक्षेत्रातील संगणकीकरण हा विषय परीक्षेच्या पुस्तकांतून साधारणतः चार ओळींत संपतो. 'ईआरपी म्हणजे एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग. त्यामुळे खर्च कमी होतो, वेळ वाचतो, निर्णयप्रक्रिया सुधारते' एवढे पाठ केले की दोन गुण पदरात पडतात. परंतु खर्च नेमका कोणता कमी होतो, वेळ कोणाचा वाचतो आणि मुख्य म्हणजे यंत्रे तयार करणाऱ्या कारखान्यालाच अशा प्रणालीची इतकी निकड का भासावी, याचे उत्तर त्या चार ओळींत मिळत नाही. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

या विषयासाठी लखनौ हे शहर सोयीचे आहे. बाहेरच्या माणसाला लखनौ म्हटले की चिकनचे भरतकाम आणि नवाबी खानपान आठवते. तथापि हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांची उपांगे तयार करणारा विभाग येथे १९७० मध्ये सुरू झाला. केंद्र सरकारच्या स्कूटर्स इंडिया या कंपनीची स्थापना १९७२ मध्ये झाली. टाटा मोटर्सचा व्यापारी वाहनांचा कारखाना १९९२ पासून चालू आहे. रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानके संघटना, म्हणजेच आरडीएसओ, हिचे मुख्यालयही याच शहरात आहे. या मोठ्या संस्थांच्या आधाराने चिनहट, अमौसी, तालकटोरा, सरोजिनीनगर या भागांत लहान कारखान्यांची वस्ती वाढली. आजच्या विषयाचा खरा कस लागतो तो या लहान कारखान्यांतच.

यंत्राचा कारखाना वेगळा का?

आपल्या परिचयाचा साखर कारखाना घ्या. तेथे कच्चा माल एकच, ऊस. त्यापासून साखर, मळी, बगॅस अशा वाटा फुटतात. यंत्रनिर्मितीत याच्या नेमके उलट घडते. हजारो निरनिराळे भाग निरनिराळ्या दिशांनी येतात आणि शेवटी एकाच वस्तूत मिळतात. एखाद्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये ओतीव सांगाडा असतो, लेथवर कातलेले दंडगोल असतात, बाहेरून आणलेले पंप, झडपा, मोटारी, सील आणि बोल्ट असतात. यांतील नव्याण्णव टक्के भाग वेळेवर आले आणि एक आला नाही, तर यंत्र नव्याण्णव टक्के तयार झाले असे म्हणता येत नाही; ते तयारच नसते.

हा हिशेब हाताने करणे किती कठीण आहे, हे अमेरिकेतील शेतीयंत्रे बनविणाऱ्यांनी प्रथम ओळखले. जे. आय. केस या ट्रॅक्टर व शेतीअवजारे बनविणाऱ्या कंपनीत काम करीत असताना जोसेफ ऑर्लिकी या अभियंत्याने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी संगणकावर सामग्रीची गरज काढण्याची पद्धत विकसित केली. पुढे १९७५ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांचा मूलभूत विचार सोपा आहे व परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचाही आहे. ग्राहक किती यंत्रे मागेल, याचा अंदाज बांधावा लागतो. ती स्वतंत्र मागणी. परंतु यंत्रांची संख्या एकदा ठरली की बेअरिंग किती लागतील, याचा अंदाज बांधण्याचे कारण नाही. ती अवलंबित मागणी असते आणि तिचे गणित करता येते. त्यापूर्वीच्या पद्धतीत भांडारातील साठा ठरावीक पातळीखाली गेला की नवी मागणी नोंदविली जाई. मग त्या भागाची पुढे गरज असो वा नसो.

उदाहरणादाखल एक छोटा हिशेब पाहू. बारा गिअरबॉक्सची मागणी आली आहे व प्रत्येकात चार बेअरिंग लागतात. म्हणजे एकूण गरज ४८. भांडारात २० आहेत, पण त्यांपैकी आठ विक्रीपश्चात सेवेसाठी राखून ठेवली आहेत. पुरवठादाराकडून दहा यावयाची आहेत. हाती खरोखर उपलब्ध २२; निव्वळ गरज २६. पुरवठादार दहाच्या खोक्यातच माल देतो, म्हणून ३० मागवावी लागतील. जुळणी दहाव्या आठवड्यात आहे आणि माल येण्यास तीन आठवडे लागतात. तेव्हा सातव्या आठवड्यापर्यंत खरेदीपत्र गेलेच पाहिजे. हा हिशेब कोणीही कागदावर करू शकेल. मात्र दोन हजार भागांसाठी, एकाच वेळी चालू असलेल्या पंधरा मागण्यांसाठी आणि ग्राहकाने दर सोमवारी तारखा बदलल्यावर तो पुन्हा पुन्हा कोण करणार?

सामग्रीनियोजनाच्या या गाभ्याभोवती पुढे यंत्रांची व मनुष्यबळाची उपलब्धता, खरेदी, हिशेब, विक्री, गुणवत्ता तपासणी अशी अंगे जोडली गेली. १९९० च्या सुमारास गार्टनर या अमेरिकी संस्थेने या विस्तारित रूपाला ईआरपी हे नाव दिले. जर्मनीत १९७२ मध्ये आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच जणांनी सॅप ही कंपनी स्थापन केली होती. तिची आर/३ ही प्रणाली १९९२ मध्ये आली आणि मोठ्या उद्योगांत पसरली. भारतात चेन्नईच्या रॅमको सिस्टिम्सने १९९० च्या दशकात स्वतःची ईआरपी प्रणाली बाजारात आणली. 'एकात्मिक' या शब्दाचा अर्थ एवढाच की एक घटना एकदाच नोंदवावयाची. भांडारात माल आला, ही नोंद झाली की साठा वाढतो, खरेदी विभागाची प्रलंबित यादी कमी होते, तपासणीसाला काम दिसते आणि लेखा विभागात देणे उभे राहते. चार खात्यांच्या चार वह्या राहत नाहीत.

यादी, ड्रॉइंग आणि फोरमनचे डोके

यंत्र कोणकोणत्या भागांचे बनले आहे, हे सांगणाऱ्या यादीस बिल ऑफ मटेरियल म्हणतात. माझ्या मते संपूर्ण प्रणालीचे यशापयश या एका यादीवर ठरते. स्कूटर्स इंडियाने इटलीच्या इनोसेंटी कंपनीकडून संपूर्ण कारखाना विकत घेतला, तेव्हा यंत्रसामग्रीच्या जोडीला आराखडे, कागदपत्रे आणि हक्कही घेतले. कागदपत्रांसाठी पैसे मोजले जातात याचे कारण उघड आहे: यंत्रसामग्री अन्यत्रही मिळू शकते, परंतु कोणता भाग कोणत्या मापाने, कोणत्या धातूत आणि कोणत्या क्रमाने करावयाचा हे ज्ञान कागदावर नसेल तर लोखंडाचे वाहन होत नाही. (ही कंपनी स्थापन झाली ते १९७२ हेच सॅपच्याही स्थापनेचे वर्ष. या योगायोगातून काही निष्कर्ष काढू नये. स्कूटर्स इंडियाने स्कूटरचे उत्पादन १९९७ मध्ये थांबविले, नंतर तीनचाकी वाहनांवर भर दिला आणि २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती बंद करण्यास मान्यता दिली. त्याची कारणे बाजारपेठेशी, स्पर्धेशी व भांडवलाशी निगडित आहेत. एखादी संगणकप्रणाली त्यावर उतारा ठरली असती, असे म्हणणे धाडसाचे होईल.)

यादीपेक्षाही निसटती गोष्ट म्हणजे तिच्यातील बदल. आरडीएसओ रेल्वेचे डबे, इंजिने व मार्ग यांसाठी ड्रॉइंग आणि विनिर्देश तयार करते. त्या ड्रॉइंगमध्ये सुधारणा होतात आणि प्रत्येक सुधारणेला क्रमांक असतो. पुरवठादाराकडे जुन्या सुधारणेचे ड्रॉइंग राहिले, तर त्याने उत्तम कारागिरीने केलेला मालही तपासणीत नाकारला जातो. कारखान्यात ड्रॉइंगच्या चार छायाप्रती चार लेथजवळ टाचलेल्या असतात आणि सुधारित प्रत कार्यालयातल्या फाइलमध्ये असते, हे दृश्य दुर्मिळ नाही. एकात्मिक प्रणालीत कार्यादेशासोबत ड्रॉइंगचा चालू सुधारणा-क्रमांक जातो व जुनी प्रत बाद ठरते. शिवाय भांडारातील जुन्या मापाचे किती भाग शिल्लक आहेत आणि बदल कोणत्या यंत्रापासून अमलात आणावयाचा, हेही त्याच वेळी ठरविता येते. कोणत्याही जाहिरातपत्रकात ठळकपणे न छापला जाणारा हा लाभ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

यास विरोध कोठून होतो? बहुधा सर्वांत जाणत्या माणसाकडून. अनेक कारखान्यांत खरी यादी जुन्या फोरमनच्या डोक्यात असते. ड्रॉइंगवर एक माप असते. परंतु ते तसेच केले तर शाफ्ट अडकतो, म्हणून थोडी जास्त जागा ठेवावयाची, हे त्यालाच ठाऊक असते. येथे लखनौचीच एक गोष्ट आठवते. मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या उस्तादांकडून शेकडो चिजा मिळवून त्या स्वरलिपीत बांधल्या, क्रमिक पुस्तकांच्या रूपाने प्रसिद्ध केल्या आणि १९२६ मध्ये याच शहरात संगीत महाविद्यालय उभे केले. कंठस्थ विद्या कागदावर आली की गुरूचे महत्त्व उणावेल, ही शंका अशा प्रत्येक प्रयत्नात उद्भवते, आणि ती खोटी असते असेही नाही. लिपीत गाण्याचा सांगाडा येतो, गाणे येत नाही. फोरमनचेही तसेच आहे. म्हणून यादी करताना त्याला आरोपीसारखे प्रश्न विचारू नयेत; त्याच्या सूचना त्याच्या नावाने ड्रॉइंगमध्ये सुधारणा म्हणून नोंदवाव्यात. जेथे असे केले जात नाही, तेथे संगणकात एक यादी असते आणि कामावर दुसरीच चालते.

पैसा कोठे अडकतो?

आता खर्चाकडे वळू. समजा, ४० लाख रुपयांचे एक यंत्र आहे. त्याचे २४ लाखांचे भाग येऊन पडले आहेत आणि ६० हजारांचा एक पंप सहा आठवडे उशिरा येतो. खेळत्या भांडवलावर वार्षिक १२ टक्के व्याज धरले, तर त्या २४ लाखांवरील सहा आठवड्यांचे व्याज सुमारे ३३ हजार रुपये होते. सरकारी खरेदीच्या करारात विलंबाबद्दल दर आठवड्याला अर्धा टक्का कपात ही नेहमी आढळणारी तरतूद आहे. तिच्यानुसार सहा आठवड्यांचे १ लाख २० हजार होतात. म्हणजे पंपाच्या किमतीच्या अडीचपट रक्कम केवळ तो वेळेवर न मागविल्यामुळे गेली. अंतिम हिशेबात ही रक्कम 'व्याज' आणि 'इतर कपात' अशा दोन निरनिराळ्या शीर्षांखाली पडते. त्यामुळे खरेदीतील उशीर आणि हा तोटा यांचा संबंध कोणाच्या लक्षातच येत नाही. प्रणाली तो संबंध दाखवून देते. प्रत्येक मागणीचा स्वतंत्र परिव्यय काढता आला की आणखी एक अप्रिय सत्य उघड होते: ज्या ग्राहकाचा मोठा अभिमान बाळगला, त्याच्या कामात कधी कधी नफाच नसतो.

यंत्रनिर्मितीत बरेचसे काम बाहेरून करून घेतले जाते. उष्णतासंस्करण एकाकडे, दातेकाम दुसऱ्याकडे, मुलामा तिसऱ्याकडे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कसाठी पाठविलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत आणि भांडवली वस्तू तीन वर्षांच्या आत परत यावी लागते. अन्यथा ती पाठविली त्या दिवशीच पुरवठा झाला असे मानले जाते. साचे, डाय, जिग, फिक्श्चर आणि हत्यारे यांना ही मुदत लागू नाही. चलनवहीतून असा जुना माल शोधणे म्हणजे गंजीत सुई शोधणे होय. तीच गोष्ट येणे रकमेची. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन खरेदीदारावर आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. परंतु हा हक्क सांगावयाचा तर माल केव्हा पोहोचला आणि केव्हा स्वीकारला गेला, याचा दिनांक व पुरावा हवा. लहान पुरवठादार हरतो तो येथे. कायदा त्याच्या बाजूने असतो, पण पोच सापडत नाही.

हिशेबांच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच उरलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबासाठी असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक बदलाचा माग राहतो व तो बंद करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी रुपयांपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना इतर व्यवसायांशी होणाऱ्या व्यवहारांसाठी ई-बीजक सक्तीचे आहे.

भागाचा जन्मदाखला

हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूर येथे स्थापन केलेल्या विमान कंपनीत आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. तिच्या लखनौ विभागात हायड्रॉलिक उपांगे, इंधनप्रणालीचे भाग, उपकरणे अशा वस्तू तयार होतात. विमानाच्या भागाला केवळ माप बरोबर असून चालत नाही. तो कोणत्या धातूच्या कोणत्या वितळणीतून आला, उष्णतासंस्करण केव्हा झाले, तपासणी कोणी केली, याची साखळी अनेक वर्षांनंतरही उलगडता आली पाहिजे. एका तुकडीत दोष आढळला, तर त्या तुकडीचे भाग कोठे कोठे बसविले आहेत हे सांगता यावे लागते. नाहीतर सर्वच विमाने जमिनीवर ठेवण्याची वेळ येते.

उत्तर प्रदेशातील संरक्षण औद्योगिक कॉरिडॉरची घोषणा २०१८ मध्ये झाली. लखनौ, कानपूर, झाशी, आग्रा, अलीगढ आणि चित्रकूट ही त्याची सहा केंद्रे आहेत. ११ मे २०२५ रोजी लखनौ येथे ब्राह्मोस क्षेपणास्त्रांच्या एकात्मीकरण व चाचणी केंद्राचे उद्घाटन झाले. या घडामोडींमुळे स्थानिक लहान कारखान्यांपुढे मोठी संधी आली, असे सर्वत्र म्हटले जाते. ते खरे आहे. परंतु या संधीचे दार अरुंद आहे. लेथ चांगला आहे, कारागीर निष्णात आहे, दरही परवडणारा आहे, तरी धातूचा वितळण-क्रमांक कातकामानंतर भागासोबत राहिला नसेल, तर तो भाग संरक्षण सामग्रीत बसविता येत नाही. वहीतही ही नोंद ठेवता येते आणि शिस्तीचे कारखाने पूर्वी ती ठेवीतच असत. मात्र एका सळईचे चाळीस भाग होतात, त्यांतील सहा नाकारले जातात, दहा जॉबवर्कला जातात आणि उरलेले दोन मागण्यांत विभागले जातात, तेव्हा वहीची शक्ती संपते. साध्या यंत्रांच्या बाबतीतही हाच लाभ वेगळ्या रूपात मिळतो. दहा वर्षांपूर्वी विकलेल्या प्रेसचा सील ग्राहक मागतो, तेव्हा त्या अनुक्रमांकाच्या यंत्रात प्रत्यक्ष कोणता सील बसविला होता हे तत्काळ सांगता येणे, ही सुट्या भागांच्या व्यवसायाची किल्ली आहे.

अपयशाचीही नोंद घ्यावी. अमेरिकेतील फॉक्समेयर या औषधवितरण कंपनीने १९९६ मध्ये दिवाळखोरी पत्करली. तिच्या महागड्या प्रणाली प्रकल्पाची फरफट हे त्यामागील बहुचर्चित कारण आहे. हर्शे या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर नवी प्रणाली घाईने सुरू केली आणि गोदामांत माल असूनही सुमारे दहा कोटी डॉलरच्या मागण्या वेळेवर पुरविता आल्या नाहीत. या कंपन्या यंत्रे बनविणाऱ्या नव्हत्या. पण घाई आणि अपुरी चाचणी यांचे परिणाम सर्वत्र सारखेच होतात.

आपल्याकडील लहान कारखान्यांची अडचण निराळी आहे. पैसा आता पूर्वीइतका आड येत नाही. मासिक शुल्कावर इंटरनेटद्वारे वापरता येणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत. मुंबईत विकसित झालेली ईआरपीनेक्स्ट ही तर मुक्त स्रोत प्रणाली आहे, तिला परवानाशुल्क नाही. अडचण आहे ती माहितीची. एकाच बोल्टला भांडारात तीन नावे असतात. साठा वहीत ७० आणि फळीवर ४१ असतो. अशा माहितीवर वर सांगितलेला बेअरिंगचा हिशेब केला, तर संगणक मोठ्या वेगाने चुकीची खरेदीपत्रे काढील. म्हणून पहिले काम सांकेतांकांचे आणि प्रत्यक्ष मोजणीचे. सर्व माल एकदम मोजण्याची गरज नाही. अबक विश्लेषणानुसार, संख्येने थोडे पण मूल्याने बहुतांश असलेले 'अ' गटातील भाग दर आठवड्याला, 'ब' गटातील महिन्याला आणि 'क' गटातील वर्षातून एकदा-दोनदा मोजले तरी चालते. फरक आढळला की तो केवळ दुरुस्त न करता कोणत्या नोंदीत पडला, ते शोधावे.

बहुतेक कारखाने नव्या प्रणालीसाठी १ एप्रिल हा मुहूर्त धरतात, कारण आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होते आणि वर्षअखेरची साठामोजणी झालेली असते. व्यवहारात मात्र लेखा विभाग मार्च-एप्रिलमध्येच सर्वाधिक व्यग्र असतो, शिवाय वर्षअखेरीस माल रवाना करण्याची धांदल असते. माझ्या मते १ जुलै किंवा १ ऑक्टोबर हा दिवस अधिक सोयीचा. आरंभी एकाच यंत्रप्रकाराची यादी आणि एकच भांडार प्रणालीत घ्यावे, त्यावर एक पूर्ण मागणी खरेदीपासून रवानगीपर्यंत चालवून पाहावी. तोवर जुन्या वह्या चालू ठेवाव्यात. मात्र त्या कोणत्या तारखेला बंद होणार, हे पहिल्याच दिवशी सर्वांना लेखी कळवावे.